सोलापुरात शिकायला येताय? महागडं हॉस्टेल घ्यायचं का साधी रूम, हे असं ठरवा

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला. पोरीला अशोक चौकाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ॲडमिशन मिळालंय, दोन जागा बघून ठेवल्यात, पहिली महिन्याला अडीच हजाराची कॉट, म्हणजे शेअर रूममधला एक पलंग, आणि दुसरं वर्षाला ८५ हजाराचं "सगळं धरून" हॉस्टेल, आणि मामाचा प्रश्न एकच, "तू चार वर्षं तिथं काढलीस, तूच सांग बाळ, एवढे पैसे द्यावेत का उगं?" मला फोनवर हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येईना, कारण चार वर्षांत मी तीन जागा बदलल्या, महागात राहिले, स्वस्तात राहिले, पैसे दोन्हीकडं वाया गेले आणि दोन्हीकडं वसूलही झाले. मग रविवारी मामाकडं जाऊन वहीत सगळं मांडून दिलं. तेच इथं लिहिते, कारण जून-जुलैत लै घरांत हाच घोळ चालू असतो आणि पोरगं गप्प बसून आईवडिलांच्या तोंडाकडं बघत असतं.

आधी भाडं विसरा, वर्षाचा आकडा काढा

अडीच हजार आणि महिन्याला सात हजार पडणारं हॉस्टेल, असं समोरासमोर ठेवलं की कुणीही अडीच हजारच म्हणणार. पण अडीच हजारात फक्त कॉट आहे. वही घ्या आणि दोन्ही जागांचं पूर्ण वर्षाचं मांडा. मामाकडं आम्ही असं मांडलं: कॉटचं भाडं बारा महिने द्यावं लागतंय, सुट्टीत घरी गेलात तरी, म्हणजे ३० हजार. मेस महिना २८०० धरली तर दहा महिन्यांचे २८ हजार. रूम लांब आहे, शेअर रिक्षाचे महिना हजार धरले की १० हजार. रूमवर तिघी, अभ्यासाला जागा नाही, म्हणजे अभ्यासिका लावणार, महिना ७०० चे ७ हजार. लाईट बिलाचा वाटा महिना ३०० चा ३ हजार, प्यायच्या जारचा वाटा वर्षाला २ हजार. बेरीज ८० हजार. आणि ते महाग वाटणारं हॉस्टेल कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, मेस, लाईट, अभ्यासाची खोली सगळं धरून ८५ हजार.

म्हणजे फरक ५ हजाराचा, महिन्याला पाचशे. मामा दोन मिनिटं वहीकडंच बघत बसला.

हे आकडे तुमचे नसतील, तुमच्या जागेचे तुम्ही टाका, कदाचित तुमच्याकडं फरक चाळीस हजाराचा निघेल. पण निघाला तर तो खरा फरक असेल, आणि पुढचं सगळं त्या फरकावर बोलायचं. "८५ हजार वसूल होतेत का" असा प्रश्न नसतोच, "वरच्या या पाच हजारात किंवा चाळीस हजारात मला नेमकं काय मिळायलंय" हा प्रश्न असतो. ते एका ओळीत लिहिता आलं नाही तर ते पैसे देऊ नका.

सोलापुरात पहिला प्रश्न पाण्याचा

बाहेरगावच्या लोकांना हे सांगून पटत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतंय, तेही ठराविक तास. म्हणजे इथली कुठलीही रूम ही तिच्या हौदाएवढी आणि टाकीएवढीच चांगली. पुण्यात रूम बघताना वायफाय विचारतेत, इथं हौद विचारायचा.

माझं पहिलं हॉस्टेल त्या वेळचं महागातलं होतं. टाईल्स चकाचक, प्रत्येकीला कपाट, खाली सोफा. आणि चौथ्या दिवशी सकाळी सातला बाथरूममध्ये पाणी नाही, प्रॅक्टिकल नऊला. मालकीणकाकू म्हणायच्या टँकर सांगितलाय, तो यायचा दुपारी. असं एकदा नाही, मार्च ते मे दर आठवड्याला. तेव्हा कळलं की आपण सोफ्याचे पैसे भरलेत.

म्हणून हा हिशोब करूनच जागा घ्या. एका माणसाला दिवसाला साधारण १०० लिटर धरा, अंघोळ, कपडे, संडास सगळं मिळून. हॉस्टेलात २० जणी असतील तर दिवसाला २ हजार लिटर, पाच दिवसांचे १० हजार. आता त्यांचा हौद केवढा आहे ते विचारा, सांगता येत नसेल तर झाकण उघडून बघा, लांबी रुंदी खोली फुटात मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ नं गुणा, तेवढे लिटर. आठ बाय सहा बाय सहाचा हौद म्हणजे आठ हजार लिटरच्या आसपास. वर गच्चीवरच्या टाक्या मिळवा. दहा हजार होत असतील तर ठीक. होत नसतील तर बोअर आहे का, तो उन्हाळ्यात चालतो का, आणि टँकर लागला तर पैसे कुणाचे, हे तिन्ही विचारायचं. बोअरचं पाणी जड असतंय, केस पार चिकट होतेत, पण नसण्यापेक्षा बरं.

आणि एक महत्त्वाचं, जागा बघायला पाणी आलेल्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळीच हॉस्टेलं चांगली दिसतेत. पाणी येऊन चौथा दिवस असेल तेव्हा सकाळी साडेसातला जा, आणि मालकाशी नाही, ब्रश करत उभ्या असलेल्या पोरीशी बोला. मालक काका "चोवीस तास पाणी" म्हणतेत, ती पोरगी खरं सांगते.

पाण्यासाठी महिन्याला पाचशे-हजार जास्त द्यावे लागले तर मी देईन, डोळे झाकून देईन. बाकी कशासाठी एवढ्या खात्रीनं सांगणार नाही.

अंतर, आणि कॉलेज कुठल्या दिशेला आहे ते

सोलापूर मोठं नाही असं सगळे म्हणतेत आणि मग फसतेत. विद्यापीठ केगावला, पुणे हायवेवर. ऑर्किड इंजिनिअरिंग कॉलेज तुळजापूर रोडला. अश्विनीचं मेडिकल कॉलेज कुंभारीला, अक्कलकोट रोडवर. वालचंद कॉलेज अशोक चौकात, दयानंद रविवार पेठेत, संगमेश्वर सात रस्त्याला. आता कुणीतरी सांगतं जुळे सोलापुरात भारी रूम आहे, शांत एरिया, रुंद रस्ते, आणि तुमचं ॲडमिशन केगावला, म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडायचं, सिटी बसवर भरवसा ठेवता येत नाही, मग शेअर रिक्षा, सात रस्त्याला बदला, एसटी स्टँडला बदला.

वेळेचाही हिशोब वहीत करा. जायला ४५ मिनिटं लागणारी जागा आणि १० मिनिटं लागणारी जागा, यात रोजचा फरक ७० मिनिटांचा, महिन्याचे २२ दिवस कॉलेज धरलं तर साधारण २५-२६ तास. जवळच्या जागेला १५०० जास्त लागत असतील तर एक तास तुम्हाला साठ रुपयांच्या आत पडला. स्वस्त आहे. पण त्या तासात तुम्ही काय करणार आहात ते स्वतःशी खरं बोला. सबमिशनच्या आठवड्यात, किंवा प्रॅक्टिकल झाल्यावर तासभर झोप काढून परत लायब्ररीला जाणाऱ्याला ते अंतर सोन्यासारखं आहे. ज्याचं कॉलेज आठवड्यात तीनच दिवस भरतं त्याला नाही.

आणि जवळच्या गावच्या लोकांनी तिसरा पर्याय आधी तपासावा, अप-डाऊन. मोहोळच्या पोराला केगावला जायचं असेल तर विद्यापीठ त्याच्या वाटेवरच आहे, शहरात शिरायचीच गरज नाही. तुळजापूरच्या पोरीला ऑर्किड तसंच, अक्कलकोटवाल्यांना कुंभारी तसंच. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे महिनाभराच्या तिकिटांच्या एक तृतीयांश पैशात महिना निघतो, आणि घरचं जेवण. फक्त गाडी तिथं थांबते का आणि संध्याकाळची गाडी किती वाजता मिळते हे चार दिवस करून बघितल्याशिवाय ठरवू नका. पहिल्या वर्षाला असं करून दुसऱ्या वर्षाला रूम घेणारे माझ्या वर्गात बरेच होते. मंगळवेढ्याहून मात्र ते जमत नाही, मी पहिल्या टर्मला पंधरा दिवस केलं, पहिल्या तासाला डोळे उघडे राहायचे नाहीत.

एसी

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर, ४२-४३ पण जातंय. त्यामुळं हॉस्टेलवाले "एसी रूम" म्हणले की आईबापाला वाटतं पोरगं उकाड्यात कसं राहील, देऊन टाकू. थांबा जरा. साध्या रूमपेक्षा एसी रूम वर्षाला ३० हजारानं महाग आहे असं समजा. एसी लागणार मार्चच्या मध्यापासून, आणि परीक्षा झाली की तुम्ही घरी. म्हणजे फार तर ६० रात्री. एक रात्र ५०० रुपयांना पडली. वर बऱ्याच ठिकाणी एसीचं मीटर वेगळं असतंय, रात्रभरात आठ-दहा युनिट जातेत, आणि तो दर मालक स्वतः ठरवतो, महावितरणचा नाही. युनिटचा दर विचारल्याशिवाय एसी रूमला हो म्हणू नका.

आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळं कूलर चांगला लागतो, मुंबईसारखं चिकट होत नाही. दोघी-तिघींत एक कूलर घ्या, रात्रभरात दीड-दोन युनिट खातो. त्याला पाणी लागतं, म्हणजे फिरून परत हौदापाशी आलो. आणि फुकटातला उपाय म्हणजे वरच्या मजल्याची रूम घेऊ नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खाली फेकत राहतो, पत्र्याची असेल तर विषयच सोडा. तळमजला किंवा मधला मजला, पश्चिमेची भिंत उन्हात नसलेली. यासाठी महिना दोनशे-तीनशे जास्त मागितले तर द्या, एसीच्या ३० हजारापेक्षा ते बरे.

आवाज, झोप, अभ्यास

दुसऱ्या वर्षाला मी पूर्व भागात स्वस्त रूम घेतली, घरमालक माणसं सोन्यासारखी, सणाला ताट पाठवायची. पण भिंतीला लागून यंत्रमाग. दिवसा ती खटखट कळतसुद्धा नाही, सवय होते, पण रात्रपाळी चालू असली की अकराला गादीवर पडून पण डोकं त्या लयीतच राहतंय. त्या लोकांचं पोट आहे त्यावर, त्यांना बंद करा म्हणायचा मला अधिकार नव्हता, रूम माझी चुकली होती. त्या सेमला मी महिना ७०० ची अभ्यासिका लावली आणि रात्री घरी यायला रिक्षा, म्हणजे स्वस्त रूमचा स्वस्तपणा तिथंच गेला.

म्हणून रूम दोनदा बघायची, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहाला. आसपास मंगल कार्यालय आहे का, मिरवणुकीचा रस्ता आहे का, पार्क चौकाच्या बाजूला असेल तर जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते आणि त्याच सुमाराला तुमचा पेपर असू शकतो. यात्रा तर बघायचीच, पण पेपरच्या आदल्या रात्री खिडकीखाली नको.

एका रूममध्ये दोघी का चौघी यात भाड्याचा बराच फरक पडतो. माझं मत, दोघींच्या रूमला जास्त पैसे देणं वसूल होतं जर तुम्ही रूमवर अभ्यास करणारे असाल तर. अभ्यासिकेत बसणाऱ्यानं चौघींची घ्यावी आणि पैसे वाचवावेत, रूमवर फक्त झोपायचंच आहे. सिंगल रूम मात्र पहिल्या वर्षाला नको, घर सोडून पहिल्यांदा आलेलं पोर रात्री एकटं पडलं की फार खचतं, मी शेजारच्या रूममधल्या एकीचं बघितलंय.

जेवण

मेस रविवारी बघू नका, रविवारी गोड असतंय. मंगळवारी रात्री जा, एका वेळचे पैसे देऊन जेवा. भाकरी मिळते का विचारा, नुसत्या चपात्यांवर आपल्याकडच्या पोरांचं पोट भरत नाही. मग खाड्याचा नियम विचारा. सलग किती दिवस नसलं तर खाडा धरतेत, तीन का पाच, आणि कट होतो का पुढच्या महिन्यात वळवतेत. दर शनिवार-रविवार घरी जाणाऱ्यानं "सगळं धरून" पॅकेज घेतलं तर महिन्याच्या सात-आठ दिवसांच्या जेवणाचे पैसे तो न जेवताच देतो. तसल्यानं वेगळी मेस असलेली जागा बघावी. घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली की रविवार रात्र निघते.

पोरींसाठी

गेट किती वाजता बंद होतं ते विचारताना सोबत कॉलेजचं टाईमटेबल ठेवा. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, लायब्ररी आठपर्यंत, आणि गेट सातला, मग तुम्ही ज्या लायब्ररीची फी भरलीत ती तुम्हाला वापरताच येणार नाही. कॅमेरे किती आहेत यापेक्षा शेवटचा चारशे मीटर रस्ता कसा आहे ते बघा, रात्री आठला आईसोबत चालून बघा, दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का. या रस्त्यासाठी जास्त पैसे द्यावे लागत असतील तर ते खर्चात धरू नका, ते द्यायचेच असतेत. आणि हॉस्टेलात रॅगिंगचा त्रास झाला तर यूजीसीची हेल्पलाईन आहे, १८००-१८०-५५२२, मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा, पोरांनी पण.

घरची थैली

हे सगळं चांगलं निघालं तरी पैसे कुठून येणार ते बघायलाच पाहिजे. एज्युकेशन लोनमध्ये हॉस्टेलचा खर्च बसतो, म्हणून लोक महागडी रूम सहज घेतेत, "लोनमध्येच आहे की". पण समजा पहिल्या वर्षी एसीसाठी ३० हजार जास्त उचलले आणि व्याज १० टक्के, तर चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलतीचं, पाच वर्षांत साध्या व्याजानंच त्याचे ४५ हजार होतेत. आणि खासगीतून व्याजानं पैसे काढून चांगली रूम घ्यायची वेळ येत असेल तर नका घेऊ. साध्या रूममध्ये राहून शिकता येतं. बाप हप्त्यासाठी फोन उचलायचा टाळतोय हे कळल्यावर शिकता येत नाही.

आधी सरकारी आणि कॉलेजच्या वसतिगृहाला अर्ज करा, तिथली जागा साधी असली तरी पैशात दुसरं कुणी जवळ येत नाही. नंबर लागला नाही तर योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पैसे वेळेवर येतीलच असं धरून रूम घेऊ नका, आले की बाजूला ठेवा. पण अर्ज चुकवू नका, आणि भाड्याची पावती, करार सांभाळा, अर्जाला लागतेत.

ऊस असणाऱ्या घरांनी एक करा, फीचे दोन हप्ते मागा, एक आता आणि एक फेब्रुवारीत, तोवर कारखान्याचं काहीतरी बिल हातात आलेलं असतंय. बऱ्याच मालकांची स्वतःची शेती असते, त्यांना हे समजतं, विचारायला लाजू नका. मामानं विचारलं, मालक लगेच हो म्हणाले.

पैसे देताना

वर्षाचे सगळे पैसे पहिल्या दिवशी देऊ नका, "दोन दिवसात नाही भरले तर जागा जाईल" असं म्हणले तरी. डिपॉझिट किती, परत कधी, मधेच सोडलं तर किती कापणार, हे कागदावर घ्या, कागद देत नसतील तर मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "हो" असं उत्तर मागून घ्या. कुणी बिलात जीएसटी लावला तर विचारा कसला, कारण जुलै २०२४ पासून माणशी महिना २० हजारापर्यंतच्या, सलग ९० दिवस किंवा जास्त राहण्याच्या सोयीला जीएसटी माफ आहे, आणि इथं एवढं भाडं कोण देतंय. चौघांत मिळून फ्लॅट घेणार असाल तर करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. फ्लॅट स्वस्त पडतो पण भांडी, गॅस, पाण्याची पाळी आणि एकजण मधेच सोडून गेला तर त्याचा वाटा, हे चौघांनी आधी बोलून घ्या. माझं तिसरं-चौथं वर्ष फ्लॅटमध्येच गेलं आणि तेच सगळ्यात चांगलं गेलं, पण पहिल्या वर्षी जमलं नसतं, तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं.

सामान लावायच्या आधी रूमचे फोटो काढा. भिंतीला ओल, नळ, पंखा, दाराची कडी, कपाटाचं कुलूप, सगळ्याचे, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या. माझं पहिलं डिपॉझिट आधीच फुटलेल्या बेसिनच्या नावाखाली कापलं गेलं होतं, बेसिन मी येण्याच्या आधीपासून फुटलेलं होतं आणि माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. मामाच्या पोरीनं परवा सामान टाकलं, तिनं फोटो काढलेत सतरा, त्यातले तीन नुसते हौदाचेच आहेत.